पाण्यामागे चालणारी घरे

१९७७ च्या जून महिन्यात मी सोमालियाची राजधानी मोगादिशूच्या विमानतळावर उतरलो, तेव्हा देवीच्या रोगाविषयी जे काही शिकण्यासारखे आहे ते आपण शिकून झालो आहोत, असा माझा प्रामाणिक समज होता. मराठवाड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असताना १९७४ मध्ये मला प्रतिनियुक्तीवर बिहारला पाठवण्यात आले आणि तेथील त्या भीषण उन्हाळ्यात एकेका गावात पंधरा-पंधरा, वीस-वीस रुग्ण मी स्वतः मोजले होते. पुढल्याच वर्षी, २४ मे १९७५ रोजी, आसामातील करीमगंज येथे भारतातील अखेरच्या रुग्णाची नोंद झाली आणि १९७७ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेला आफ्रिकेच्या शिंगासारख्या टोकावर अनुभवी माणसे हवी होती, आणि आमच्यापैकी काहींना तीन महिन्यांच्या करारावर बोलावणे आले. मुलाखतीत मला विचारले गेले की, ओसाड प्रदेशात राहण्याची तयारी आहे काय. दुष्काळी तालुक्यात आठ वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रश्न थोडासा विनोदी वाटला.

बिहारमध्ये आम्ही जे केले ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढची फजिती कळणार नाही. रुग्ण सापडला की त्याच्या घराच्या भिंतीवर गेरूने क्रमांक घालायचा, दाराशी राखणदार बसवायचे, आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला लस टोचायची, मग शेजारची घरे, मग सारे गाव, आणि शेवटी रुग्ण गेल्या तीन आठवड्यांत कोठे गेला होता व त्याच्याकडे कोण आले होते याची यादी करून त्या त्या गावी माणूस धाडायचा. सरसकट सर्वांना लस टोचत बसण्याऐवजी रोग जेथे आहे तेथेच त्याला कोंडण्याची ही रीत पूर्व नायजेरियात १९६६ च्या डिसेंबरात, लसीचा साठा तोकडा पडल्यामुळे, विल्यम फेगी यांनी प्रथम वापरली होती. म्हणजे आफ्रिकेतून भारतात आलेली विद्याच मी परत आफ्रिकेत घेऊन चाललो होतो. फक्त या विद्येचा सारा डोलारा एका साध्या गृहीतकावर उभा आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. ते गृहीतक असे की, घर जागचे हलत नाही.

शेजारच्या इथिओपियात देवीचा अखेरचा रुग्ण १९७६ च्या ऑगस्टमध्ये सापडला होता आणि आता संपले असे सगळ्यांना वाटू लागले होते. परंतु इथिओपियातील ओगादेनच्या वाळवंटातून भटक्या कुटुंबांबरोबर रोग सोमालियात उतरला, काही महिने दबून राहिला आणि १९७७ च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या प्रदेशांत पसरला. मे महिन्यात सोमाली सरकारने आणीबाणी म्हणून मदत मागितली. त्या एका वर्षात सोमालियात ३,२२९ रुग्णांची नोंद झाली. त्यातच जुलैमध्ये ओगादेनसाठी सोमालिया आणि इथिओपियात युद्ध पेटले आणि सीमेकडच्या भागात आम्हाला जाता येईनासे झाले, पेट्रोलची वाटणी आखडली, आणि माणसांची जी ये-जा आधीच हिशेबात बसत नव्हती ती आणखी वाढली.

यात भर म्हणजे रोगाची जात निराळी होती. भारतातील देवी माणसाला झोपवत असे. दर पाच-सहा रुग्णांमागे एखादा तरी दगावे, आणि भीतीमुळे का होईना, गाव बोलत असे. सोमालियातील देवी सौम्य प्रकारची होती. तिच्यात शंभरात एखादा रुग्णसुद्धा दगावत नसे, आणि ऐकणाऱ्याला नवल वाटेल, पण आमची सगळी पंचाईत त्यातच होती. तोंडभर फोड उठलेला गुराखी उंटांमागे दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालत असे, विहिरीवर दुसऱ्यांच्या बरोबर पाणी ओढत असे आणि संध्याकाळी पाहुणा म्हणून परक्या झोपडीत निजत असे. ज्या आजाराने कोणी मरत नाही त्याची वर्दी देण्यासाठी कोणी कामधंदा सोडून का यावे? त्यांच्या दृष्टीने पाहिले तर आमचीच धावपळ अनाकलनीय होती.

माझी नेमणूक बैदोआच्या परिसरात झाली. राजधानीहून अफगोये, बुर हकाबा असा हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता, आणि बुर हकाबाला सपाट माळावर एकाएकी उभा राहिलेला प्रचंड खडक. माझा दुभाषा विशीतला तरुण होता. १९७२ मध्ये सोमाली भाषेला रोमन लिपी मिळाली आणि त्यानंतर लवकरच शाळकरी मुलामुलींना साक्षरतेसाठी खेडोपाडी पाठवण्यात आले, त्यांपैकी तो एक. भटक्यांच्या तळावर कोणत्या बाजूने जावे, आधी कोणाला बोलावे, पाणी कधी मागावे आणि कधी मागू नये, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही बैदोआच्या बाजूची बोली त्याला धड समजत नसे, कारण ती मोगादिशूच्या भाषेहून पुष्कळच वेगळी आहे. तिचे नाव ‘माय’. हे नाव ऐकून मला जे वाटले ते त्याला समजावून सांगता आले नाही.

शब्द मात्र आधी शिकावे लागले. देवीला ‘फुरुक’, कांजिण्यांना ‘बुसबुस’, गोवराला ‘जदेओ’. या तीन शब्दांवर आमचे अर्धे काम चाले, कारण विचारताना चुकीचा शब्द गेला की उत्तर चुकीचे येई आणि एक अख्खा दिवस, एक टाकी पेट्रोल फुकट जाई. तुमच्या भाषेत फुरुकला काय म्हणतात, असे दुभाष्याने एकदा विचारले. मी सांगितले, देवी. आणि देवी म्हणजे काय तेही सांगितले. रोगाला कोणी देवाचे नाव देते यावर त्याचा विश्वासच बसेना. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर वण होते आणि ‘मला देवी झाल्या’ असे ती कधी म्हणाली नाही, ‘देवी आल्या होत्या’ असेच म्हणे. जणू पाहुण्या आल्या नि गेल्या. हे मी त्याला कसेबसे सांगितले तेव्हा तो गंभीर झाला आणि म्हणाला की, मग तुम्ही लोकांनी तिला घालवले कसे.

पहिला मोठा घोटाळा माझ्याच हातून झाला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बैदोआच्या आग्नेयेला एका तळावर आम्हाला दोन रुग्ण सापडले. सात झोपड्या, भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण, उंट बाहेर बांधलेले. साधारण सहा वर्षांचा एक मुलगा कातड्यावर बसून दूध पीत होता आणि त्याच्या तळहातांवर, तळपायांवर मटाराएवढे टणक फोड होते, सगळे एकाच अवस्थेतले. कांजिण्यांचा प्रश्नच नव्हता. मी बिहारच्या शिस्तीने तळाचा नकाशा काढला, झोपड्यांना क्रमांक दिले, हजर असलेल्यांना लस टोचली आणि मुलाच्या आईला सांगितले की, मूल बरे होईस्तोवर येथून हलू नका, मी साखर, तांदूळ आणि राखणदार घेऊन तिसऱ्या दिवशी परत येतो. तिने शांतपणे ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी मी दोन पोती घेऊन पोहोचलो तेव्हा तेथे राखेची सात वर्तुळे, लेंड्या आणि कुंपणाच्या वाळलेल्या फांद्या एवढेच शिल्लक होते. झोपडी म्हणजे वाकवलेल्या काठ्या आणि चटया. बायका सकाळी ती सोडवतात, उंटावर लादतात आणि दुपारपर्यंत दुसरीकडे उभी करतात. माझ्या हातात सात घरांचा सुबक नकाशा होता आणि त्यातले एकही घर पृथ्वीच्या पाठीवर त्या जागी नव्हते.

आम्ही चार दिवस माग काढला, पण तो तळ सापडला नाही. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्या उंटवाल्याने दुभाष्याची बरीच थट्टा केली. त्याचे म्हणणे असे की, माणसे कोठे होती हे तुम्ही शोधता. पाणी कोठे राहिले आहे ते शोधा. पावसाची तळी आटली की सगळ्यांना विहिरीवरच यावे लागते, आज ना उद्या. हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशीपासून कामाची मांडणी बदलली. तळांचे नकाशे बंद केले, विहिरींचे काढले. कोणत्या विहिरीवर कोणत्या कुळाची जनावरे येतात, उंट किती दिवसांनी येतात आणि शेळ्या किती दिवसांनी, हे विचारून घेतले. शेळ्यामेंढ्यांना पाण्यासाठी उंटांपेक्षा फार लवकर परतावे लागते, म्हणून ज्या कुटुंबात शेळ्या आहेत ते विहिरीपासून फार लांब जाऊ शकत नाही. एवढ्या एका गोष्टीवरून कोणाला दोन दिवसांत गाठायचे आणि कोणाची दहा दिवस वाट पाहायची हे ठरू लागले. राखणदारही मग गावातले नेमले नाहीत. त्याच तळावरचा एखादा माणूस रोजावर घ्यायचा, आणि तळ हललाच तर त्याने बरोबर जायचे व वाटेत भेटणाऱ्या पहिल्या विहिरीवर निरोप ठेवायचा, असे ठरले. मुख्यालयाच्या नमुन्यात ‘रुग्णाचे गाव’ असा रकाना होता. तेथे आम्ही विहिरीचे नाव लिहू लागलो. यावर एकदोन पत्रे आली, मग येईनाशी झाली.

विहिरीवरची सकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. खोल विहिरीत माणसे एकावर एक उभी राहून कातड्याची बादली वर देत आणि त्या लयीत गाणे म्हणत. उंटांना गाण्याखेरीज पाणी गोड लागत नाही, असे दुभाषा सांगे. पाण्यासाठी रांग लागलेली, म्हणजे माणसे जागेवर खिळलेली; आम्हाला तेवढेच हवे असे. मी बाही वर सारून दंडावरचे माझे लहानपणीचे वण दाखवी. आमच्या पिढीला देवी टोचल्या त्या फिरत्या चक्रीच्या हत्याराने, त्याचे हे रुपयाएवढे डाग. मग बेचक्यासारख्या दोन टोकांची सुई दाखवी, जी लसीत बुडवली की दोन टोकांमध्ये नेमका एक थेंब धरून ठेवते, आणि त्या थेंबातून दंडावर पंधरा वेळा झटपट टोचले की काम झाले. रक्ताचा अगदी बारीक ठिपका दिसला पाहिजे, त्याहून अधिक नको. सुई इतकी साधी होती की, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती अर्ध्या तासात शिकवता येई, आणि आमचे उत्तम टोचणारे हे त्या म्हाताऱ्या उंटवाल्यासारखेच लोक होते. एक वृद्ध मला ‘अदेर’ म्हणून हाक मारू लागले. अदेर म्हणजे काका. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा असताना ते मला काका का म्हणतात, हे मी विचारले, तेव्हा कळले की काकाही पुतण्याला प्रेमाने त्याच शब्दाने हाक मारतो. आपण तान्ह्या मुलाला ‘अरे बाबा’ म्हणतो, त्यातलेच ते.

ऑगस्टच्या मध्यावर रमजान सुरू झाला. टोचल्याने रोजा मोडतो अशी शंका पुष्कळांना होती आणि त्यावर वाद घालण्यात मला अर्थ दिसला नाही. आम्ही सूर्यास्तानंतर कंदील घेऊन टोचू लागलो. उलट ते बरेच झाले, कारण रोजा सोडायला सारे एका जागी असत. आमच्या वाट्याला दालचिनी घातलेला गोड चहा, ज्याला ते ‘शाह’ म्हणतात, आणि कधी कधी ‘बजिये’ येत. चवळीची डाळ वाटून केलेली ती भजीच होती, नावासकट.

रुग्णांना वेगळे ठेवण्याचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सोपा झाला नाही. काटेरी फांद्यांचे मोठे कुंपण घालून त्यात रुग्ण व त्याची सोबत ठेवायची, खपल्या पडून कातडी स्वच्छ होईपर्यंत बाहेर सोडायचे नाही आणि तोवर शिधा द्यायचा, अशी पद्धत होती. कागदावर हे योग्यच आहे. पण ज्याचे उंट दुसऱ्याच्या भरवशावर फिरत आहेत त्या माणसाला अंगात ताप नसताना तीन-चार आठवडे काट्यांच्या आत बसवणे ही जुलमाचीच गोष्ट होती, आणि आम्ही ती केली. रात्री कुंपण ओलांडून गेलेल्या एका तरुणाला मी परत आणवले, त्यात त्याची एक उंटीण हरवली. तिची भरपाई करून देण्याची तरतूद कोठल्याच नियमात नव्हती. शिध्याच्या बाबतीत नेमके उलटे घडे. तांदूळ आणि साखर मिळते हे कळल्यावर बऱ्या झालेल्या दोघातिघांना आपल्या अंगावर नवे फोड दिसू लागले.

प्रत्येक उद्रेकातून खपल्या गोळा करून पाठवाव्या लागत. चिमट्याने तळपायाच्या जाड कातडीतील खपली हळूच सोडवायची, तपकिरी, मसुरीच्या दाण्यासारखी; पाच-सहा जमल्या की फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बाटलीत, ती बाटली दुसऱ्या डब्यात, आणि तो डबा मोगादिशूमार्गे जिनिव्हाला. फोड आलेला प्रत्येक माणूस देवीचाच असेल असे नसते. सप्टेंबरनंतर तर ‘कांजिण्या’ हेच उत्तर अधिकाधिक येऊ लागले. रकान्यांतले आकडे खाली येत होते, आणि याचा आनंद मानायचा की आपल्याला दिसत नाही म्हणून काळजी करायची, हे मला ठरवता येत नसे.

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्हा काही जणांना तातडीने मेर्काला बोलावले गेले. मोगादिशूच्या नैर्ऋत्येला हिंदी महासागराच्या काठी हे पांढऱ्या घरांचे जुने बंदर आहे. तेथील रुग्णालयात स्वयंपाक करणारा २३ वर्षांचा अली माओ मालीन याच्या अंगावर पुरळ उठले होते. कुर्तुनवारेच्या बाजूने देवीची दोन मुले घेऊन आलेली गाडी १२ ऑक्टोबरला रुग्णालयापाशी आली, वाट दाखवण्यासाठी हा आपणहून गाडीत बसला आणि काही मिनिटे त्या मुलांच्या सोबत राहिला. त्यांपैकी हबीबा ही सहा वर्षांची मुलगी पुढे दगावली. २२ तारखेला अलीला ताप आला, तो आधी हिवताप समजला गेला. २६ तारखेला पुरळ आले, ते कांजिण्यांचे समजले गेले. ३० तारखेला कोणीतरी वर्दी दिली आणि खरे काय ते कळले. ज्याने एकेकाळी स्वतः लस टोचण्याच्या कामावर रोजंदारी केली होती, त्यानेच लस घेतलेली नव्हती. टोचून घ्यायची भीती वाटत होती, असे त्याने नंतर सांगितले. आम्ही इतके महिने विहिरी धुंडाळत होतो आणि फट निघाली ती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात.

मेर्कामध्ये मात्र बिहारची विद्या जशीच्या तशी उपयोगी पडली, कारण तेथे भिंती होत्या, गल्ल्या होत्या, दारे होती. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर चौक्या बसल्या. घरोघर फिरून दोन आठवड्यांत ५४,७७७ लोकांना लस टोचण्यात आली. त्याच्या संपर्कात आलेल्या १६१ जणांचा माग लावून प्रत्येकावर नजर ठेवण्यात आली. तो माणूस लाघवी होता, मित्र फार, आणि आजारपणात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली; त्यामुळे यादी रोज वाढत असे. देवीची लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण बारा दिवस जातात. ते बारा दिवस आम्ही कॅलेंडरवर खुणा करत काढले, मग आणखी बारा. कोणालाही काही झाले नाही. हा पृथ्वीवरचा नैसर्गिक लागणीचा अखेरचा रुग्ण आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर सलग दोन वर्षे शोध घेऊन मगच तसे म्हणता आले, आणि ८ मे १९८० रोजी जगाने ते मान्य केले.

माझा करार वाढवून मिळाला होता, म्हणून डिसेंबरात मी पुन्हा बैदोआच्या विहिरींवर गेलो. कोरडा मोसम लागला होता आणि उंटवाल्याने सांगितल्याप्रमाणे सगळे पाण्यापाशी येत होते. एका सकाळी रांगेत एक बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या नाकावर आणि गालांवर उथळ वण होते. दुभाष्याने आधी ओळखले. जुलैत त्यांनी तळ का उठवला, असे मी विचारले. पाणी संपले होते, असे ती म्हणाली, आणि मी तिसऱ्या दिवशी येणार होतो म्हणजे उंटांनी तीन दिवस तहानलेले राहायचे होते काय, असे तिने उलट विचारले. तेथून ते कोठे गेले, कोणत्या विहिरीवर, कोणाच्या तळाशेजारी, हे तिने अचूक सांगितले. तेथे तिच्या दिराच्या दोन मुलांना फुरुक झाला होता आणि सरकारी गाडीने त्यांना काट्यांच्या कुंपणात नेले होते.

मी गाडीत जाऊन ऑगस्टची नोंदवही काढली. त्या विहिरीचे नाव होते, दोन रुग्ण होते, वये जुळत होती, आणि दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या अक्षरात लागणीच्या रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहिलेले होते. तो शब्द खोडून मी माझ्या जुलैच्या तळाचा क्रमांक तेथे घातला आणि खाली तारीख टाकून सही केली. परत आलो तेव्हा ती बाई अजून उभीच होती. जुलैत कबूल केलेली साखर कोठे आहे, असे ती दुभाष्याला विचारत होती.